लांडगा कोण, हे कोण ठरवणार?

'कोल्ह्याला द्राक्षे आंबट' ही म्हण न ऐकलेला मराठी माणूस सापडणे कठीण. पण इसापाच्या मूळ गोष्टीत द्राक्षांखाली उड्या मारणारा प्राणी कोल्हा नव्हता, तो खोकडाचा भाऊबंद होता. भाषांतर करताना 'फॉक्स'चा कोल्हा झाला तो कायमचा, आणि खोकड हा अस्सल मराठी शब्द माळरानावर वावरणाऱ्या माणसांपुरता उरला. गोष्टीत असे चालून जाते. द्राक्षे कोणी सोडली याने कोणाचे काही बिघडत नाही. वनखात्याच्या पंचनाम्यात, दवाखान्याच्या नोंदवहीत आणि कायद्याच्या अनुसूचीत मात्र नावांचा असा घोळ महागात पडतो.

एक उदाहरण घेऊ. मेंढपाळाचा वाडा रात्री शेतात बसला आहे आणि सकाळी पाहावे तर चार मेंढ्या फाडलेल्या. पंचनामा होतो. मारणारा लांडगा ठरला तर शासनाच्या नियमांप्रमाणे नुकसानभरपाई मागता येते. मोकाट कुत्री ठरली तर त्या वाटेने काहीच हाती लागत नाही, कारण कुत्रा वन्यप्राणी नाही. लांडगा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारणे हा गंभीर गुन्हा. कुत्र्याला कायदा वेगळा, नियम वेगळे, खातेही वेगळे. आता समजा, मेंढी मारणारा प्राणी काही अंशी लांडगा आणि काही अंशी कुत्रा असेल तर? हा प्रश्न कल्पनेतला नाही. पुण्याजवळच्या माळरानावर असा संकरित प्राणी असल्याचे २०२३मध्ये जनुकीय पुराव्यानिशी प्रसिद्ध झाले आहे. तो कोणत्या रकान्यात लिहायचा, याचे स्पष्ट उत्तर आपल्या व्यवस्थेकडे नाही. प्राण्यांचे वर्गीकरण म्हणजे संग्रहालयातल्या बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवण्याचे काम, ही समजूत म्हणूनच आता सोडून द्यायला हवी.

आधी शब्दांचा गुंता सोडवू. मराठी विज्ञानलेखनाच्या परिभाषेत गण, कुल, प्रजाती, जाती आणि उपजाती अशी उतरंड आहे. प्रजाती म्हणजे जवळच्या अनेक जातींचा गट. बातम्यांच्या मराठीत मात्र 'प्रजाती' हा शब्द सर्रास जातीसाठी वापरला जातो. या लेखात पहिला, परिभाषेतला अर्थ धरला आहे. कुत्रा, लांडगा, कोल्हा, खोकड हे सगळे एका कुलातले. त्याला श्वानकुल म्हणू.

या कुलाची पहिली मांडणी करणारा कार्ल लिनियस हा स्वीडिश वैज्ञानिक मोठा शिस्तीचा माणूस. 'सिस्टिमा नॅच्युरी' या त्याच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती १७५८ची. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची गणती आजही तिथून सुरू होते. त्याने 'कॅनिस' या एकाच प्रजातीत कुत्रा घातला, लांडगा घातला, सोनेरी कोल्हा घातला, खोकडाचा युरोपीय भाऊ घातला आणि चक्क तरसही घातला. तरस कुत्र्यासारखे दिसते, हे खरेच. पण मांसाहारी गणाच्या दोन मोठ्या शाखा आहेत, एक मांजरांची आणि एक कुत्र्यांची. तरस मांजरांच्या शाखेत येते आणि त्याचे जवळचे नातेवाईक मुंगूस वगैरे मंडळी. उलट अस्वल, सील, पाणमांजर हे प्राणी कुत्र्याच्या शाखेतले. म्हणजे नात्याने पाहिले तर कुत्र्याला तरसापेक्षा अस्वल जवळचे! लिनियसची चूक अभ्यासकांनी पुढे दुरुस्त केली. आपल्याकडे तरसाला लांडगा समजून त्याच्यामागे काठ्या घेऊन धावणे मात्र अजून थांबलेले नाही.

श्वानकुलाचा उगम उत्तर अमेरिकेत सुमारे चार कोटी वर्षांपूर्वी झाला. त्याच्या तीन मोठ्या शाखांपैकी दोन नामशेष झाल्या आणि उरलेल्या एका शाखेतल्या पस्तीसेक जाती आज जगभर आहेत. महाराष्ट्राच्या वाट्याला यातले चार वन्य प्राणी आले. उघड्या माळावरचा, शिडशिडीत, लांब पायांचा लांडगा. त्याच्या निम्म्याहून कमी वजनाचा, गावाच्या कडेला, उसात, खारफुटीत कुठेही जुळवून घेणारा कोल्हा. अवघ्या दोन-तीन किलोचे, शेपटीचे टोक काळे असलेले, बिळात राहणारे आणि किडे, उंदीर, बोरे खाऊन जगणारे खोकड. आणि जंगलात कळपाने शिकार करणारा, तांबूस रंगाचा, झुपकेदार काळ्या शेपटीचा रानकुत्रा, म्हणजे कोळसून किंवा कोळसुंदा. हा शिट्टीसारखा आवाज काढतो. नावात कुत्रा असला तरी हा आपल्या कुत्र्याचा रानटी अवतार नव्हे. त्याची प्रजातीच निराळी, 'क्युऑन'. कुत्र्याच्या तोंडात ४२ दात असतात, कोळसुंद्याच्या तोंडात ४०.

या चौघांपैकी तिघांच्या शास्त्रीय नामकरणात मराठी मुलखाचा वाटा आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. मुंबई इलाख्याच्या सैन्यातला अधिकारी विल्यम हेन्री साइक्स याने दख्खनमधल्या सस्तन प्राण्यांची यादी १८३१मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे मांडली. इथल्या लांडग्याला त्याने 'कॅनिस पॅलिपेस' म्हटले. पॅलिपेस म्हणजे फिक्या पायांचा. कोळसुंद्याला त्याने 'कॅनिस दखुनेन्सिस' असे दख्खनचे नाव दिले आणि खोकडाला 'कॅनिस कोकरी'. हे शेवटचे नाव तर थेट इथल्या लोकांच्या तोंडचे. पुढे खोकड आणि कोळसून यांना आधीच दुसरी नावे मिळालेली होती असे दिसले आणि जुन्या नावाचा मान आधी, या नियमाने साइक्सची नावे मागे पडली. 'पॅलिपेस' मात्र टिकले. आजही भारतीय लांडगा म्हणजे 'कॅनिस ल्युपस पॅलिपेस', करड्या लांडग्याची एक उपजाती. हे 'उपजाती' प्रकरणच आता वादात आहे. त्याकडे येण्यापूर्वी वर्गीकरण किती हलते असते, ते पाहू.

आफ्रिकेतला सोनेरी कोल्हा आणि आपला कोल्हा हे एकच, असे दीर्घकाळ मानले गेले. दिसायला ते तसेच आहेत. २०१५मध्ये दोघांची जनुके तपासली गेली, तेव्हा आफ्रिकेतला 'कोल्हा' आपल्या कोल्ह्यापासून दहा लाखांहून अधिक वर्षांपूर्वी वेगळा झालेला आणि लांडग्याच्या अधिक जवळचा निघाला. आज त्याला आफ्रिकी लांडगा म्हणतात. प्राचीन इजिप्तच्या अनुबिस देवाचे डोके कोल्ह्याचे, असे आपण वाचत आलो. इजिप्तमध्ये राहणारा तो प्राणी या हिशेबाने लांडगा ठरतो. २०१९मध्ये जागतिक निसर्गसंरक्षण संघाच्या, म्हणजे 'आययूसीएन'च्या, श्वानकुल तज्ज्ञगटाने पोर्तुगालमध्ये बैठक घेतली. आफ्रिकेतले उरलेले दोन कोल्हे 'कॅनिस' प्रजातीतून काढून 'लुप्युलेला' या वेगळ्या प्रजातीत ठेवावेत, अशी शिफारस तिथे झाली. ऑस्ट्रेलियातला डिंगो ही वेगळी वन्यजाती न मानता तो पुन्हा रानात गेलेला कुत्राच मानावा, असेही ठरले.

आणि कुत्रा? कुत्रा लांडग्यापासून आला याबद्दल शास्त्रज्ञांत दुमत नाही. पंधरा हजार वर्षांपूर्वीच्या आसपास तो माणसाबरोबर होता, असे पुरावे आहेत. पण आज जिवंत असलेल्या कोणत्याही लांडग्यापासून तो निघालेला नाही. ज्या प्राचीन लांडग्यांपासून तो आला ते नामशेष झाले. आजचा लांडगा हा कुत्र्याचा आजोबा नव्हे, चुलतभाऊ आहे. मग त्याचे नाव काय? एक गट म्हणतो 'कॅनिस ल्युपस फॅमिलियारिस', म्हणजे लांडग्याचीच उपजाती. दुसरा म्हणतो 'कॅनिस फॅमिलियारिस', स्वतंत्र जाती. माणसाने घडवलेल्या प्राण्याला निसर्गाच्या चौकटीत कुठे बसवायचे, हा तो वाद आहे. वरवर पाहता तो पंडिती वाटेल. पण कुत्रा ही लांडग्याचीच उपजाती मानली, तर कुत्र्याशी झालेला लांडग्याचा संकर हा घरातला मामला ठरतो. वेगळी जाती मानली, तर ती बाहेरची घुसखोरी ठरते. एका शब्दाने प्रश्नाचे स्वरूप बदलते ते असे.

शाळेत आपण शिकलो की, ज्यांच्यात संकर होऊन प्रजननक्षम संतती होते ते एकाच जातीचे. घोडा आणि गाढव यांचे खेचर वांझ, म्हणून त्या दोन जाती. श्वानकुलापुढे ही व्याख्या हात टेकते. लांडगा, कुत्रा, कोल्हा, अमेरिकेतला कोयोटी या सगळ्यांची गुणसूत्रे ७८. त्यांच्यात संकर होऊ शकतो आणि संतती पुढे वाढते. खोकड मात्र यातून सुटले. त्याची गुणसूत्रे ६० असल्याने कुत्र्याशी त्याचे जमत नाही. म्हणजे खोकडाभोवती निसर्गाने भिंत बांधली आहे, तर लांडगा, कोल्हा आणि कुत्रा यांच्यामध्ये केवळ बांध आहे. हा बांध शरीरापेक्षा सवयींचा, अंतराचा आणि स्वभावाचा. लांडग्याची जोडी आपल्या हद्दीत कुत्र्याला सहसा उभे करत नाही, पकडले तर मारतेच. लांडग्यांची संख्या घटली, टोळी फुटली, जोडीदार मिळेनासा झाला की हा बांध फुटतो.

आता आपल्या लांडग्याकडे वळू. जगाच्या नकाशावर करडा लांडगा अलास्कापासून भारतापर्यंत पसरलेला दिसतो आणि म्हणून आययूसीएनच्या यादीत त्याच्यापुढे 'चिंतेचे कारण नाही' असा शेरा आहे. २००३ आणि २००४मध्ये हैदराबादची 'सीसीएमबी' आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांच्याशी संबंधित संशोधकांनी भारतीय लांडग्यांच्या जनुकांचा अभ्यास केला. हिमालयातला लांडगा आणि मैदानातला लांडगा हे दोन्ही जगातल्या इतर लांडग्यांपासून फार पूर्वीच वेगळे झाले आहेत, असे त्यातून दिसले. मैदानी लांडग्याला 'कॅनिस इंडिका' ही स्वतंत्र जाती म्हणावे, अशी सूचनाही पुढे आली. तो अभ्यास जनुकांच्या एका छोट्या भागापुरता होता, म्हणून अनेकांनी मान डोलावली नाही. २०२१मध्ये पूर्ण जनुकसंचाचा अभ्यास झाला आणि भारतीय लांडग्याचा वंश जगातल्या सर्वांत जुन्या लांडगावंशांपैकी एक असल्याचे पुन्हा दिसले. शिवाय तुर्कस्तान, इराणपर्यंत पसरलेले ज्यांना आपण 'पॅलिपेस' समजत होतो, ते पश्चिम आशियाई लांडगे वेगळे निघाले. म्हणजे हा प्राणी भारतात आणि शेजारी पाकिस्तानात, एवढाच. २०२५मध्ये आययूसीएनने भारतीय लांडग्याचे प्रथमच वेगळे मूल्यमापन केले आणि त्याला 'असुरक्षित' ठरवले. त्याची संख्या तीन हजारांच्या आसपास मानली जाते. वाघही आपल्याकडे साधारण तेवढेच आहेत. पण वाघासाठी व्याघ्रप्रकल्प आहेत, निधी आहे, गणना आहे, पर्यटन आहे. लांडग्याच्या वाट्याला बालगीतातला खलनायक होणे आले.

'जगात लांडगे लाखांनी आहेत' या वाक्याने आपल्या लांडग्याचे जेवढे नुकसान केले, तेवढे मेंढपाळांच्या काठ्यांनी केले नसेल. मेंढपाळ आणि लांडगा शतकानुशतके एकाच माळावर राहिले, एकमेकांशी भांडत राहिले आणि दोघेही टिकले. नकाशावरच्या एका रंगाने मात्र हा प्राणी दिसेनासाच केला.

आता पुण्याजवळच्या त्या संकरित प्राण्याविषयी. माळरानावर नेमाने जाणाऱ्या निसर्गप्रेमींना टोळीत वेगळ्याच रंगाचे काही लांडगे दिसू लागले. पुण्याच्या 'द ग्रासलँड्स ट्रस्ट'ने या नोंदी ठेवल्या. बंगळूरुची 'एट्री' आणि 'राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र' (एनसीबीएस) या संस्थांच्या शास्त्रज्ञांनी नमुन्यांची जनुकीय तपासणी केली. लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे भारतात जनुकीय पुराव्याने प्रथम सिद्ध झाले ते असे. सामान्य नागरिकांच्या निरीक्षणातून सुरू झालेले हे विज्ञान आहे, हे मुद्दाम नोंदवायला हवे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो ऐकून घेण्याजोगा आहे. निसर्गात संकर होतच असतो. त्यात एवढे घाबरण्यासारखे काय? खरे आहे. उत्तर अमेरिकेतल्या लांडग्यांमध्ये काळा रंग आला तो कुत्र्यांकडून, असे २००९च्या एका अभ्यासात आढळले. ते लांडगे काही लयाला गेले नाहीत. 'शुद्ध रक्त' या कल्पनेचा विज्ञानाला फारसा उपयोग नाही आणि समाजात तिने काय केले ते आपण जाणतो. शुद्धतेच्या नावाने गळा काढणाऱ्यांपासून लांडग्यालाही दूरच ठेवावे.

प्रश्न आहे तो प्रमाणाचा. २०१९च्या पशुगणनेत देशात मोकाट कुत्रे मोजले गेले १ कोटी ५३ लाख. लांडगे तीन हजार. एका लांडग्यामागे पाच हजार कुत्रे! मोठ्या तळ्यात घागरभर पाणी पडले तर तळे तळेच राहते, पण पेलाभर पाण्यात घागर रिकामी केली तर पेल्यातले मूळ पाणी राहत नाही. लाखो वर्षांत या कोरड्या, उन्हाने तापलेल्या माळाशी जुळवून घेतलेला वंश काही पिढ्यांत विरघळून जाऊ शकतो. तोही कोणी एक गोळी न झाडता, कोणाच्या लक्षातही न येता. शिवाय संकरित प्राण्याच्या अंगी लांडग्याची ताकद आणि कुत्र्याची निर्भयता एकत्र आली तर माणसाला धोका वाढेल का, ही शंकाही आहे. २०२४च्या पावसाळ्यात उत्तर प्रदेशातल्या बहराइच जिल्ह्यात लहान मुले दगावली. तेव्हा हल्ला करणारे प्राणी निव्वळ लांडगे की संकरित, असा प्रश्न काही तज्ज्ञांनी जाहीरपणे विचारला होता. ज्या घरातले मूल गेले, त्या घराला या चर्चेचे सोयरसुतक नसणार. पण पुढचे मूल वाचवायचे असेल तर हल्लेखोर कोण होता, हे जनुकीय तपासणीने पक्के करणे हाच मार्ग आहे. अफवेवर विसंबून दिसेल त्या चतुष्पादाला मारत सुटल्याने मूल वाचत नाही.

संकरित प्राणी कायद्याला पेलतच नाहीत, असेही नाही. वन्यप्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा 'साइट्स' करार मागच्या चार पिढ्यांत वन्यपूर्वज असलेल्या संकरित प्राण्यालाही नियम लावतो. याच कराराच्या पहिल्या परिशिष्टात भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि भूतान इथल्या लांडग्यांना वेगळे काढून ठेवले आहे. म्हणजे 'जाती की उपजाती' हा वाद न मिटताही विशिष्ट प्रदेशातल्या लांडग्यांना वेगळे संरक्षण देता येते. युरोपातल्या बर्न कराराने २०१४मध्ये लांडगा-कुत्रा संकराबाबत शिफारस केली. तिचा गाभा असा की, संकरित प्राण्यांचा बंदोबस्त फक्त सरकारी यंत्रणेने करावा, इतर कोणालाही त्यांना मारण्याची मुभा नसावी. यामागचा विचार व्यवहारी आहे. 'मला तो संकरित वाटला' म्हणत खरा लांडगा मारण्याची पळवाट त्यामुळे बंद होते. अमेरिकेत तांबडा लांडगा ही खरी जाती की लांडगा आणि कोयोटी यांचा संकर, हा वाद इतका चिघळला की संसदेच्या सांगण्यावरून राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी अभ्यास केला. २०१९मध्ये त्यांनी ही स्वतंत्र जाती असल्याचे सांगितले. तोवर त्या प्राण्याचे भवितव्य एका व्याख्येला टांगलेले होते.

आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर मात्र या सगळ्या भिंती पडतात. रेबीजचा विषाणू शास्त्रीय नावे वाचत नाही. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत संसर्ग कुत्र्यांकडून येतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण कोल्हा, लांडगा, मुंगूस, तरस यांपैकी कोणाच्याही चाव्यातून तो येऊ शकतो. २०२४मध्ये मुंबईत चेंबूर परिसरात कोल्ह्यांनी माणसांना चावल्याच्या घटना घडल्या आणि मेलेल्या कोल्ह्यांत रेबीज आढळला. 'कुत्रा नव्हता, कोल्हा होता' म्हणून घरी बसणे जिवावर बेतू शकते. वन्यप्राण्याचा कोणताही चावा राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार सर्वांत गंभीर, तिसऱ्या श्रेणीतला धरला जातो. जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची, हळद, चुना, तिखट काही लावायचे नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लस व जखमेत द्यायचे इम्युनोग्लोब्युलिन घ्यायचे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय जवळजवळ नाहीच.

रोग उलट दिशेनेही वाहतो. कुत्र्यांचा 'डिस्टेंपर' हा आजार वन्यप्राण्यांना संपवू शकतो. २०१८मध्ये गीरच्या जंगलात दगावलेल्या सिंहांमध्ये त्याचा विषाणू सापडला होता. इथिओपियाच्या उंच पठारांवर राहणाऱ्या इथिओपियन लांडग्याचे उदाहरण तर आपण धडा म्हणून गिरवावे असे आहे. या प्राण्याला कोणी कोल्हा म्हणे, कोणी खोकड. जनुकांनी तो लांडग्याच्या जवळचा ठरवला. प्रौढ प्राणी जेमतेम पाचशे. मेंढपाळांच्या कुत्र्यांकडून रेबीज आला की टोळ्यांच्या टोळ्या साफ होत. तिथल्या संवर्धकांनी कुत्र्यांना शत्रू ठरवले नाही. भोवतालच्या गावांतल्या कुत्र्यांना दरवर्षी लस टोचायला सुरुवात केली आणि २०१८पासून लांडग्यांनाही आमिषातून तोंडावाटे लस देऊ लागले. माणूस, कुत्रा आणि लांडगा या तिघांचेही आरोग्य त्यातून सांभाळले जाते.

आपल्याकडे भटक्या कुत्र्यांवरचा वाद शहरांपुरता फिरत राहतो. एका बाजूला प्राणिप्रेमी, दुसऱ्या बाजूला चावा घेतलेले नागरिक, मधे महापालिका. माळरानाच्या कडेची गावे या वादात कुठेच नसतात. लांडग्यांच्या वावराच्या प्रदेशातल्या गावांत कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण आधी व्हायला हवे. गावाबाहेर टाकली जाणारी मेलेली जनावरे आणि कोंबड्यांचा कचरा यांची विल्हेवाट लागायला हवी, कारण मोकाट कुत्र्यांचे पोट त्यावर भरते आणि लांडगाही तिथेच येतो. यात निर्दयतेचा प्रश्न येत नाही. कुत्र्याला माणसाने घडवले, त्याची जबाबदारी माणसाची.

दुसरी गोष्ट पंचनाम्याची. मेलेल्या मेंढीच्या जखमेवरची लाळ टिपून तिची जनुकीय तपासणी करणे आज अशक्य नाही. निदान वादग्रस्त प्रकरणांत तरी ती व्हावी आणि तोवर मेंढपाळाची भरपाई अडू नये. मारणारा प्राणी कोण, या वैज्ञानिक प्रश्नाची किंमत त्या गरीब माणसाने का मोजावी? भरपाई वेळेवर मिळाली तर विषाचे मांस टाकून लांडगा मारण्याचे कारण उरत नाही. संकरित प्राण्यांबाबतही केंद्र आणि राज्य सरकारने लेखी धोरण ठरवावे. सापडले तर काय करायचे, कोणी करायचे आणि इतरांनी काय करायचे नाही, हे ठरवायला 'कॅनिस इंडिका' मान्य होण्याची वाट पाहण्याची गरज नाही.

तिसरी गोष्ट जमिनीच्या वर्गीकरणाची. ज्या माळरानांवर लांडगा, खोकड, काळवीट, माळढोक जगले, त्यांना सरकारी कागदांत बहुधा 'पडीक जमीन' म्हटले जाते. पडीक म्हणजे निरुपयोगी, म्हणून तिथे झाडे लावा, कारखाना काढा, सौर प्रकल्प उभारा. जंगल तोडायचे तर शंभर परवानग्या लागतात, माळ नांगरायला एकही पुरते. प्राण्याचे नाव चुकले तर एका प्राण्याचे नुकसान होते. जमिनीचे नाव चुकले तर त्या जमिनीवर जगणारे सगळेच उठतात, मेंढपाळासकट. आणि माळ तुटला की टोळ्या फुटतात, एकाकी लांडगे गावाकडे सरकतात, तिथे कुत्री असतात. पुण्याजवळचा संकर हा त्या लांडग्याच्या चारित्र्याचा दोष नाही, आपण त्याचा माळ तोडत आणल्याचा परिणाम आहे.

शेवटची गोष्ट आपल्या भाषेच्या हातातली. साइक्सने जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी दख्खनच्या लोकांना विचारून प्राण्यांची नावे टिपली. त्या लोकांना लांडगा, कोल्हा, खोकड आणि कोळसून यांच्यातला फरक पुस्तक न उघडता कळत होता. आज बातमी देणाऱ्याने, ती वाचणाऱ्याने आणि पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्याने हे चार शब्द नीट वापरले तरी अर्धे काम होईल. तरसाचे छायाचित्र देऊन लांडग्याची बातमी छापणे थांबावे. शाळेत 'फॉक्स' म्हणजे खोकड शिकवावे. द्राक्षे आंबट म्हणणारा कोल्हा गोष्टीत खुशाल राहू द्या. माळावरच्या खोकडाला त्याचे नाव परत द्यायला त्याची आडकाठी नाही.